घाणेरीच्या वडाची विल्हेवाट

मी, श्रीमती आनंदी शामराव घाडीगावकर, वय वर्षे ७३, पालिकेच्या बागेतून निवृत्त झालेली कामगार, राहणार नववा मजला, लालबाग, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला असून तो माझा थोरला मुलगा दीपक याने सर्वांत आधी वाचावा. दीपकने माझ्याकडून कोऱ्या कागदावर घेतलेली सही पुढेमागे मृत्युपत्र म्हणून उगवल्यास ती रद्द समजावी. या घरात माझ्यासोबत धाकटी सून मेघना राहते. जागा कोणाला, एवढेच ज्यांना पाहायचे आहे त्यांनी थेट कलम पाच गाठावे. नाहीतरी गाठणारच.

कलम १. झाडे. बागेत सव्वीस वर्षे माझे मुख्य काम घाणेरी उपटण्याचे होते. साहेब सांगायचे, "बाई, ही परदेशी आहे, सगळं रान खाते. मुळासकट काढा." मी काढत असे आणि त्यातले एखादे जून, गाठाळ खोड पिशवीत घालून घरी आणत असे. वीतभर ठेवून वरचे छाटायचे, सोटमूळ तोडायचे, फुटक्या परातीत लावायचे, नव्या फुटव्यांना तार गुंडाळून वळण द्यायचे. झाले बोन्साय. अशी अकरा झाडे आज खिडकीच्या जाळीत आहेत. तार तांब्याची, माझे यजमान कै. शामराव यांनी गिरणीतून आणलेली. संसारात त्यांनी आणलेली तेवढीच वस्तू टिकली.

कलम २. दादरच्या प्रदर्शनातले उन्मेष सर यांनी माझे झाड टेबलावरून उचलून चपलांपाशी ठेवले होते. म्हणाले, "आजी, हे बोन्साय नाही हो, तण आहे." त्यांना मी घाणेरीची मूठभर पिकली फळे ठेवते. त्यांनी नाकारल्यास हरकत नाही, बुलबुल नेऊन टाकतील.

कलम ३. सर्वांत थोराड झाड, दगडावरून मुळे सोडलेले, शेजारच्या कमळाबाईंना. येथे एक कबुली देणे भाग आहे. चाळ पाडली तेव्हा आवारातला वडही गेला. नव्या इमारतीतल्या पहिल्या वटपौर्णिमेला कमळाबाई दारात आल्या. "गो आनंदी, तुझो ह्यो वड किती देखणो हा! आता खाली कित्याक जाऊचा?" मी तोंड उघडेपर्यंत हळदकुंकू वाहून झाले होते. तेव्हापासून चार वर्षे मजल्यावरच्या सगळ्या बायका त्याला दोरा गुंडाळतात. मी आदल्या दिवशी फुले खुडून ठेवते. तरी लिहून देते की तो वड नसून घाणेरी आहे. कमळाबाईंनी त्याच्याकडे सात जन्मांसाठी दौलतराव मागितले आहेत. ती मागणी कोठे पोहोचली असेल, हे मला सांगता येत नाही.

कलम ४. माझी पहार दीपकला. अजित, म्हणजे माझा धाकटा, वारला त्याच्या महिन्याभरात दीपक म्हणाला, "आई, अजित गेला. आता मेघना आपली कोण लागते? जागा माझ्या नावावर कर, तिला जाऊ दे नायगावला माहेरी." माणूस मुळासकट उपटायची एवढी हौस असेल तर अवजार तरी चांगले हवे.

कलम ५. जागा मेघनाची. कातर, तार आणि उरलेली दहा झाडेही तिचीच. झाडे नको असतील तर टाकावीत, मी वरून बघायला येणार नाही.

कारण विचारले जाईल. पहिल्या वटपौर्णिमेला कमळाबाई तिला म्हणाल्या, "तू जरा लांब उभी रव गो." मेघना बौद्ध घरातली. मी ऐकले आणि गप्प बसले. बायका गेल्यावर मेघनाने पडलेले एक पान चुरगळून हुंगले. "आई, हा वड नाही ना?" मी नाही म्हटल्यावर हसता हसता ती खालीच बसली. एका शब्दात तिला सगळ्यांचे हसे करता आले असते. चार वर्षांत तिने तो शब्द काढला नाही.

तिच्या लग्नानंतर दोन वर्षे मी तिचा पेला वेगळा ठेवला होता. अजितला सांगितले की स्टीलचे कमी पडतात. मला त्याची लाज वाटते. तिने मला माफ करावे, असे एक कलम घालायला मी वकीलबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "काकू, हे मृत्युपत्रात नाही बसत. हे जिवंतपणी तोंडाने मागायचं असतं."

म्हणून जागेला कोणतीही अट नाही. मेघना आत भाकऱ्या थापते आहे. मी सही करते आणि आत जाते.

लिहून देणार: आनंदी शामराव घाडीगावकर (सही)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. रामजी धाकू परब, बागेतले जुने सहकारी, माझगाव (सही)
२. ॲड. अक्षता जाधव, परळ (सही)

स्थळ: लालबाग, मुंबई
दिनांक: ११ जून २०२५, वटपौर्णिमेचा दुसरा दिवस. झाडाचा दोरा अजून सोडलेला नाही.