प्रवचनात घोरणारे चार जण

रविवार, २८ जून. दुपारी १
फादर राजूंचं प्रवचन आज सव्वीस मिनिटं. कागदावरून. फादर आंध्राचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. वाक्याचं क्रियापद येईपर्यंत माणूस दमतो. माझे कान तिखट. बसल्या जागी घोरणारे तिघं मोजले: शेतकरी रामकिसन आणि त्याचा विकास, बापलेक एका तालात, शिवाय कस्तुराबाई, मांजरीसारख्या बारीक सुरात. बायकोला, रीताला सांगितलं. ती म्हणाली, चार होते. चौथा कोण ते सांगेना, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

संकल्प: मंगरूळपीरच्या आमच्या चर्चमधलं प्रवचन मी सुधारणार. बावीस वर्षं ऑटोवर भोंगा लावून सर्कस, सेल, बियाणं पुकारलं, त्याच गळ्यावर साऊंड सर्व्हिस उभी केली. लोक हातातली पिशवी खाली ठेवून ऐकायचे. देवाच्या शब्दाला एवढंही नको?

बुधवार, १ जुलै
फादरांना सुचवलं: कागद नको, सात मिनिटं बस, पहिल्याच वाक्यात माणूस पकडायचा. त्यांनी चहा दिला. म्हणाले, १२ तारखेला मी अमरावतीला, मिस्साची उपासना नाही, फक्त प्रार्थना. शुभवर्तमानावर तुम्हीच बोला. समजलो. शिकायचंय, पण सरळ सांगायला लाजतात.

सोमवार, ६ जुलै
विषय: येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला. इकडे पेरण्या आत्ताच आटोपल्या, म्हणजे आयता. न्हाणीघरात सराव. शेजारच्या विजयमालाबाईंनी रीताला विचारलं, कायचा सेल लागला वो?

गुरुवार, ९ जुलै
प्रवचन तयार नाही, आवाज तयार आहे. ज्येष्ठमध चालू. स्पीकरचे दोन मोठे बॉक्स लावणार. रीता म्हणते, चाळीस माणसांचं चर्च आहे. तिला यातलं कळत नाही.

शनिवार, ११ जुलै
पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही. मुद्दामच सुचू देत नाही. ताजं राहतं.

रविवार, १२ जुलै. दुपारी १२
झालं एकदाचं. एक माणूस पेरायला निघाला, म्हणालो आणि खिडक्या थरथरल्या. काही बी वाटेवर पडलं, म्हणालो तर रामकिसन बसल्या जागेवरून म्हणतो, काहून पाडलं पण? पेरणारा पिऊन होता काय? सगळे हसले. माझं पुढचं गेलं. पण बावीस वर्षांचं तोंड, डोकं बंद पडलं तरी ते थांबत नाही. आपोआप सुरू झालं: शेतकरी बंधूंनो, उगवणीची हमी, बसस्टँडसमोर, आजच भेट द्या, आजच भेट द्या! घाईने आमेन म्हणालो. लोकही म्हणाले. सवयीने.

मात्र घोरणारे: शून्य. म्हणजे सुधारणा झालीच.

बाहेर विकासने विचारलं, भाऊ, ते वाण दुबार पेरणीले भेटन काय? दुर्लक्ष केलं. कस्तुराबाईंना मुद्दाम म्हणालो, आज जाग्या होत्या तुम्ही. म्हणाल्या, होतो ना भाऊ, तुमी डोळाच लागू देला नाही. मी छाती फुगवली. मग म्हणाल्या, आमचा म्हातारा गेला तवापासून घरी टक्क जागी राह्यतो मी. हप्त्यात तेवढीच झोप भेटते मले. फादर वाचून राह्यले का वाटते, घरात माणूस बोलून राह्यलं. पुढच्या रविवारी हायेत ना ते?

आहेत, म्हणालो. बॉक्स एकट्याने उचलून टेम्पोत टाकले.

रविवार, १९ जुलै
फादर परत. कागद परत. एकतीस मिनिटं. मिस्साआधी मीच माइकचा आवाज दोन घरं खाली केला. कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला कस्तुराबाई घोरायला लागल्या. रामकिसनचा सूर फार चढला तेव्हा त्याला कोपराने ढोसलं. नाहीतर कस्तुराबाईंची झोप मोडायची.

नंतर फादरांनी वही-पेन काढून विचारलं, काय सुधारू? म्हणालो, काहीच नको, जमलं तर आणखी थोडं हळू. लिहून घेतलं त्यांनी. मग विचारलं, शेवट कसा वाटला?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रीता म्हणाली, फादर, शेवटाचं यांना नका विचारू. आजही घोरणारे चार होते.