कोमट धुराडं

गडहिंग्लज,
११ डिसेंबर १९९१

ती. भाऊ,

तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

मी मजेत आहे. जेवणात कळण्याची भाकरी तेवढी नाही. इकडे माव्याला खवा म्हणतात. आईचा खोकला कसा आहे? तिला भट्टीजवळ बसू देऊ नका.

भाऊ, इथल्या खव्याच्या भट्टीवर मी नवलच पाहिलं. मालक आप्पा एकाच जाळावर तीन कढया चालवतात. पहिलीत खवा आटतो. तोच जाळ पुढे दुसरीखाली जातो, तिथे कच्चं दूध तापतं. उरलेल्या उबेवर तिसरीत कॅन धुवायचं पाणी गरम होतं. शेवटी धुराडं. आप्पांनी माझा हात धरून त्यावर टेकवला. मी दचकून मागे घेतला, पण चटका बसलाच नव्हता. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाइतकंच ते कोमट होतं. मग मी आपणहून हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो.

शिरपूरला आपलं धुराडं लाल व्हायचं, तेव्हा तुम्ही छाती काढून म्हणायचात, "बठ्ठा गावले समजस, आपली भट्टी पेटनी." साऱ्या गावाला समजायचं खरं, पण सातपुड्यातून आलेलं निम्मं लाकूड आपण आभाळ तापवायलाच जाळलं, भाऊ.

भट्टी तुम्ही स्वतः विटा वाहून बांधली. ती मोडा, असं मी पत्रात कसं लिहू? फक्त एकदा इकडे या. तुमच्या ज्या तळहातावर आपल्या धुराड्याच्या चटक्याचा डाग आहे, तोच इथे टेकवून बघा.

तुमची वाट पाहणारा,
चुडामण