घरात एक मालक, एक सावकारीण

मु. पो. बेंबळी

आदरणीय कल्याणप्पा मेव्हणे यांना शिवशरणचे शरणार्थ. तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि तुमची गाभण म्हैस (तिघींचीही काळजी सारखीच वाटते) ठीक असतील अशी आशा आहे. इकडं तुमच्या बहिणीचा गुडघा, माझी झोप आणि सोयाबीन सोडलं तर सगळं बरं आहे.

अप्पा, दवाखान्यांच्या इमारती बांधून डॉक्टरांना भाड्यानं देणारी ती कंपनी तुम्हाला ठाऊकच आहे. मी तिचे शेअर घेतले. दैवशालानं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शेळ्या पाळून जमवलेल्या पैशातनं त्याच कंपनीचे कर्जरोखे घेतले. म्हणजे मी मालक, अन ती सावकारीण. तिला सहा महिन्याला बिनबोभाट व्याज येतं. मला दरसाल रंगीत अहवाल येतो. (त्याच्या पानांवर ती पापड वाळवते.)

तरी मालक तो मालक, म्हणून धाराशिवला कंपनीची इमारत बघायला गेलो. बटईनं दिलेल्या रानात मालक जातो, बांधावरनं फिरतो, वाटेकरी चहा पाजतो, एवढीच माझी अपेक्षा. दारात नारळ फोडला. वॉचमननं विचारलं, पेशंट कुठाय? मी म्हणालो, मालक आहे. तिसऱ्या मजल्यावर भिंतीला ओल दिसली, म्हणून एका पेशंटला कॉट सरकवायला सांगितली, तर नर्सबाईनं मलाच कॉटवर बसवून बीपी बघितला. तो लई वाढलेला निघाला. (कुणाचा वाढणार नाही?) दिवसभर माझ्याच छपराखाली सलाईन लावून पडलो, अन बिलात मालकाला सवलत नाही. डॉक्टर म्हणाले, आम्ही नुसते भाडेकरू, अन ओल निघेपर्यंत भाडं थांबवलंय.

भाडं थांबलं तशी कंपनी अडचणीत आली. आता ती रोखेवाल्यांना विचारतीय, पैशाऐवजी शेअर घेता का? बहुतेकांनी हो म्हटलं तर कंपनी तगेल. नाही म्हटलं तर इमारत विकून आधी सावकारांचं भागवणार, अन मालकाला उरलं तर. मी दैवशालाला लई समजावलं, आपण दोघंही मालक होऊ. तर ती म्हणाली,

"घरात एक मालक पोसतेय, तेवढा बास."

थकलो अप्पा. मालकीनं माणूस इतका थकतो हे आधी कुणी सांगितलं नाही.

असो. पंचमीला ती माहेरी येतीय, तिच्याच हाती हे पत्र डिंकानं चिकटवून देतोय. (फोन करावा तर ती शेजारीच बसलेली असते.) मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शिवशरण

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुमचा शब्द ती मोडत नाही. तिला हो म्हणायला लावा. गावात सगळ्यांना मी दवाखान्याचा मालक म्हणून सांगून बसलोय.

आणखी ता. क. गुडघ्याचं पुढच्या वर्षी बघू, हे तुमच्या तोंडून निघालं तर बरं दिसेल.

(खाली दुसऱ्या अक्षरात)

अप्पा, डिंक ओलाच होता, वाटंत वाचलं. म्या परवाच मोबाईलवर 'न्हाय' कळवलंय. ओटीपी ह्यांच्याच फोनवर आला. गॅसचा असंल म्हणून ह्यांनीच मोठ्यानं वाचून दिला. पैसं आलं की गुडघा करणार हाय. तवर ह्यांना काय बोलू नका, आधीच झोप न्हाय त्यांना. ऑपरेशन त्याच इमारतीत करीन म्हणते, तेवढंच चार दिवस ह्यांना आपल्या घरात असल्यावाणी वाटंल.