पोटभर पाणी

हट्टा, ३ जून २०२५

पोटाचा फोटू काढायच्या आधी प्यायला लिटरभर पाणी हातात देलं! परतीला दोन तास यष्टीत बसायचं, मधी बाईमाणसाला उतरायची सोय न्हाई, याचा इचार कोण करील? आमी बायका वसमतला जातानाबी पाण्याला तोंड लावत न्हाई. दोन घोट घेतले, बाकी बेसिनात वतून देलं. कुणाला सांगू नको.

चि. करुणास आजीचा जयभीम. नात सीटीच्या मशीनवर कामाला, आन् नातीला त्याच दिवशी रजा! आता परत बोलावून राहिले. तुझा बाप रविंद्र म्हनतो, मशीन बिघडली. पोटात काय, तर म्हनतो गॅस. गॅससाठी कोनी दोनदा नांदेडला नेतं काय? दुर्बीण घातली तवापासून तुझी माय माझ्याशी गोड बोलून राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा. फोन करू नको, रविंद्र स्पीकरवर ऐकतो. मी चौथी शिकलेली, मोठ्या अक्षरात खरं लिही.

तुझी आजी, पद्माबाई

नांदेड, ६ जून

ती. आजीस करुणाचा जयभीम.

मशीन धडधाकट आहे, घोळ तू केलास. रिकामं पोट रिकाम्या पोत्यासारखं मिटतं. मग घडी कोणती आणि गाठ कोणती, फोटोत कळत नाही. म्हणून पाणी.

बाबांनी शपथ घातली होती, पण तू विचारलंस. कॅन्सर आहे. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात निघाला. तो किती खोल गेला, लिव्हरपर्यंत पोचला का, हे सीटीत बघायचं. ऑपरेशन होईल की नाही, ते त्यावर.

मंगळवारी मी आहे. अख्खी बाटली प्यायची. मुक्काम माझ्याकडे, यष्टी दुसऱ्या दिवशी.

रागावलीस तरी माया ठेव.

करुणा

नांदेड, १२ जून

ती. आजीस जयभीम.

रिपोर्ट आला. या वेळी पोट छान फुगलं होतं. गाठ पोटाच्या भिंतीतच आहे, शेजारच्या दोन ग्रंथी सुजल्यात, लिव्हर स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, आधी केमो, मग ऑपरेशन. सोपं नाही, पण होण्यासारखं आहे. २३ तारखेला ते विचारतील, करायचं का. बाबा म्हणतात, या वयात नको.

तुझीच, करुणा

हट्टा, १६ जून

हळद शिजवायच्या वक्ताला माझं वय कुनी काढत न्हाई, आन् आताच काहून?

चि. करुणास जयभीम. तुझं पत्र दोनदा वाचलं. फोटूच्या वक्ताला सुईतून औषध गेलं तवा चुलीपुढं बसल्यागत अंग तापलं, तरी मी हालले न्हाई, हे डाक्टरला सांग. केमोची तकलीफ झाली तर वरडीन, तवा कानात बोळे घाल. तुझ्या मायला म्हनलं, पहिल्यासारखी भांड. दुपारी भांडली, बरं वाटलं.

खरं लिहिलंस, तशीच जीव लावत जा.

आजी

ता. क. २३ तारखेला डाक्टर इचारतील तवा रविंद्रनं तोंड उघडायचं न्हाई. तूबी न्हाई. जवाब मी देईन.