लेथवरून उतरल्यावर

प्रिय अण्णा,

आणि म्हणे सातवी नापासनं शहाणपण शिकवू नये! बोलायचास ते बोलायचास, वर फोन कापायचास. आता कसा कापशील?

काल आईचा फोन आला. पुढच्या सोमवारी तुझं वर्षश्राद्ध. ते उरकलं की वैनीला निपाणीला माहेरी धाडायचं ठरलंय. "आठ वर्षांत एक लेकरू दिलं नाही तिनं, आता कुणासाठी ठेवून घेऊ?" म्हणाली. म्हणून तुला लिहितोय. धारवाडची ती गोष्ट तुझ्याशिवाय कुणाशी बोलायची नाही, तूच तशी शपथ घातलीस ना?

स्कूटर बघायला जातो म्हणून घरी सांगितलं आणि दोघं धारवाडला गेलो. हुबळीत कुणी ओळखीचं भेटेल याची भीती तुला. तुझ्या तपासणीचा रिपोर्ट मीच दवाखान्यात आत जाऊन आणला. बीज आहे, पण हलत नाही. तो तू वाचलास, घडी घातलीस, परत उघडलास, आणि येताना बसमध्ये त्याचे बारीक बारीक तुकडे केलेस. "बाळ्या, माझी शपथ आहे तुला. घरात कळता कामा नये." मी हो म्हटलं. का म्हटलं?

त्यानंतर आई वैनीला उपास सांगायची, कसलेकसले काढे द्यायची. वैनी नाक दाबून प्यायची. तू ताटात मान घालून जेवायचास. अण्णा, एकदा तरी बोलायचंस!

मी इकडं हरयाणात लागलो, रेड्यांचं बीज तपासतात त्या लॅबमध्ये काचा धुवायला. हे माझं पाचवं काम, पण टिकलोय बघ. तिथल्या मॅडमना एकदा धीर करून विचारलं, बीज तयार झाल्यावर त्यात पुढं काही घडतं का हो? त्या म्हणाल्या, आधी सगळे नाहीच म्हणायचे. सगळं आत गच्च बंद झालेलं असतं, नवं प्रोटीन त्याला बनवता येत नाही, असं. आता काहीजण म्हणतात, मादीच्या पोटात वाट चालताना ते थोडं थोडं बनवतं. ते औषधानं थांबवलं तर बीज मंदावतं. काहींना मात्र अजून पटत नाही.

मी तसाच बाहेर पळालो आणि तुला फोन लावला. तू गोकुळ रोडवर कामावर होतास, मागं लेथ घरघरत होता. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "सुम्नीर ले, गप! बोल्ट लेथवरून उतरला की उतरला. तो काय स्वतःच स्वतःला आटे पाडून घेतो?"

"बोल्ट नाही रे, जिवंत आहे ते!" म्हटलं मी. "सातवी नापासनं मला शहाणपण शिकवू नये!" म्हणालास, आणि फोन बंद.

तुला वाटलं मी चेष्टा करतोय. नव्हतो रे. पण मी तरी कसली आशा दाखवत होतो? मॅडमनी नंतर समजावलं, यातून इलाज काही निघालेला नाही. तेही तुला सांगणार होतो. तुझा राग उतरू दे म्हणून थांबलो. अकरा दिवस थांबलो. बाराव्या दिवशी तू लेथसमोरच छाती धरून बसलास.

रागातच गेलास का रे? की त्या दिवसांत कधीतरी माझ्या येडेपणाला हसलास? वैनीला विचारायचं धाडस होत नाही.

आता रिपोर्ट नाही, तू नाहीस. माझं कोण खरं मानणार? आईच्या लेखी मी धरसोड्या आणि थापाड्या. तरी सोमवारच्या आधी येतोय. आईला आणि वैनीला समोर बसवून सगळं सांगणार. तुझी लाज काढायला नाही. त्या कागदात लाज कसली होती? आपण दोघं गप्प बसलो, तीच लाज.

मग राहायचं की जायचं ते वैनी ठरवेल. राहिली तर घरभाड्यातला तिचा वाटा दर महिन्याला मी देणार, म्हणजे फुकट राहते असं कुणी म्हणायचं नाही. हे वचन समज. या महिन्याचं आजच तिच्या फोनवर टाकतोय, अडीच हजार रुपये.

तुझा धाकटा,
बाळ्या