उजव्या हातातलं गाणं

३ जुलै, गुरुवार

गेलं! तिसरं गाणंही उडवलं. सकाळी नेटवर बघते तर गाण्याच्या जागी नुसती करडी पाटी. रॅपच्या मागची बीट, म्हणजे ठेका, फुकट मिळते म्हणून तिथूनच घेतली होती, आता कुणीतरी तिच्यावर मालकी सांगितली. अकरा हजार वेळा ऐकलं गेलं होतं!

गाणी आम्ही दोघी करतो, मी आणि राणी. तिला कळवायचं तर ती रोह्याजवळ धाटावला कंपनीत, पॅकिंगला. पहिली पाळी, आत फोन नेऊ देत नाहीत. साडेतीनला तिचाच फोन आला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "शब्द तर नाय ना नेले त्यांनी?"

शब्द नाही नेले.

४ जुलै, शुक्रवार

ठरलं. यापुढे उसनी बीट नाही. म्हणजे नाहीच!

८ जुलै, मंगळवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा — ती मीच. बीट आमच्या पेणच्या कारखान्यातच पडून होती. वीस माणसं गणपतींना पॉलिश पेपर मारतात, त्याची खरखर. साचा सुटावा म्हणून गुणाजीभाऊ थापा मारतात — धप, धप-धप. रंगाच्या मशीनची फुस्स. सगळं फोनवर घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत जोडलं. डबा तसाच राहिला.

मी इथे फक्त डोळे आखते. सहा वर्षं झाली. श्वास धरायचा, तोंड बंद, दोन्ही डोळे एका बैठकीत. रॅपला दम पुरतो तो या कामामुळे. पण आज ब्रश हातात असताना ओठ हलले आणि मालकांनी, म्हणजे हैबतरावकाकांनी, पकडलं. काय पुटपुटतेस? लपवायचं कशाला, सगळ्यांसमोर ऐकवलं. पहिली ओळ माझी, दुसरी राणीची:

मी डोले आखले, तवा देवाला दिसलं —
माजी वाडी नदीकाठी, त्याला बी नाय दिसली!

राणीची आदिवासीवाडी रोह्याच्या पुढे, कुंडलिकेच्या काठाला. वाडीत अजून धड रस्ता नाही. काकांचं तोंड कडू झालं. देवाला आंधळा म्हणता? आणि असली बडबड गाणं कधीपासून झाली? खाली मान घालून ऐकून घेतलं. मनात काय बोलले ते इथेही लिहीत नाही.

१३ जुलै, रविवार

रोह्याला गेले. हर्षदचं लग्नाच्या साउंडचं दुकान आहे, त्याच्याकडून छोटा रेकॉर्डर मागून घेतला. पनवेलला पंधरा ऑगस्टच्या आसपास मोठा कार्यक्रम आहे — नवे रॅपर घेणार. पंचवीस तारखेपर्यंत गाणं पाठवायचं. आमचं ऐकून हर्षद म्हणाला, बीट एक नंबर, पण हे हिंदीत करा. ही भाषा नागोठण्याच्या पुढे कोण ऐकणार?

राणी तिथेच उभी होती. तिने रेकॉर्डर उचलला आणि पिशवीत टाकला. उत्तर एवढंच.

१९ जुलै, शनिवार — सकाळ

झालं!! घरी पत्र्यावर पावसाचा ताशा, तिथे रेकॉर्डिंग कसलं होतंय. मग मला साचा आठवला. दहा फुटी गणपतीच्या पोटाचा साचा, आतून रबर. आत शिरलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. राणी काल रात्री माझ्याकडेच राहिली. सहाला कारखान्याची किल्ली घेऊन आलो आणि दोघी गणपतीच्या पोटात बसलो. रेकॉर्डर घासला की आवाज येतो, म्हणून त्याला काथ्यात गुंडाळला. चौथ्या वेळी राणी अशी बोलली की मला माझी ओळ सुचेना. एवढं चांगलं ती कधीच बोलली नव्हती. खरं सांगू? थोडं जळले पण.

पावणेआठला गुणाजीभाऊंची सायकल वाजली. पळालो!

१९ जुलै — संध्याकाळ

रेकॉर्डर साच्याजवळच राहिला होता. आता नाही.

२० जुलै, रविवार

सापडला म्हणायचा की गेला म्हणायचा? दहा फुटी मूर्ती हलवताना तिचा उजवा हात मोडला होता. काल सकाळी गुणाजीभाऊंनी तिथेच नवा ओतला. हात मोडू नये म्हणून आत लाकडी पट्टी घालतात, काथ्यात गुंडाळून. भाऊंना आयतंच काथ्याचं गुंडाळं दिसलं, आत कडक लागलं, वाटलं कुणीतरी पट्टी तयार ठेवली आहे. घातलं प्लास्टरमध्ये! आणि हात संध्याकाळी मूर्तीला बसलासुद्धा. एवढं सांगून भाऊ लगेच कामाला वळले.

आमचं गाणं गणपतीच्या आशीर्वादाच्या हातात! हसू येतंय आणि रडूही येतंय.

२१ जुलै, सोमवार

काकांना कळलंच. माझ्यासमोर छिन्नी ठेवली आणि म्हणाले, "डोले नाय आखले तवर तो माल हाय. आखल्यावर देव. मग कोनाचा हात लागू देनार नाय. काय ते आत्ता ठरव."

उद्या मंडळवाले मूर्ती न्यायला येणार. हात फोडला तर उद्या मूर्ती जात नाही, आणि खापर फुटणार गुणाजीभाऊंच्या डोक्यावर. भाऊ कोपऱ्यात उभे होते, माझ्याकडे बघत नव्हते. काकांनी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. छिन्नी हातात घेतली होती मी. हे लिहून ठेवते, उगाच चांगुलपणाचा आव नको.

मग राणीला फोन केला. दुसरी पाळी, गेटवर होती. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदा बोलली ना मी? परत बोलीन. भाऊला नको मारू गो."

छिन्नी ठेवली. शिडीवर चढले. श्वास धरला. आधी डावा डोळा, मग उजवा. रेघ हलली नाही. खाली उतरले आणि ब्रश धुतला.

२४ जुलै, गुरुवार

फोनवरच रेकॉर्ड केलं, माझ्या घरी, अंगावर दोन गोधड्या घेऊन. घामाने भिजलो. चांगलं झालं. शनिवारसारखं नाही, पण चांगलं झालं. पाठवलं.

४ ऑगस्ट, सोमवार

नाही घेतलं. पनवेलहून चारच ओळींचं उत्तर. आवाज छान, बीट वेगळी, परंतु भाषा प्रेक्षकांपर्यंत पोचणार नाही. हिंदीत असेल तर पुढच्या वर्षी जरूर पाठवा.

राणीला वाचून दाखवलं. हर्षदचं खरं होतं का? दिवसभर हाच किडा डोक्यात. एका मूर्तीचे डोळे पुसून परत आखावे लागले.

५ ऑगस्ट, मंगळवार

आमच्या भाषेतच करायचं. कुणी ऐको न ऐको. दुसरं गाणं सुरू केलं. पहिली ओळ आली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कारखाना निम्मा रिकामा झाला. जेवताना गुणाजीभाऊ मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. प्लास्टरच्या गोण्यांमागून एक हात बाहेर काढला. आशीर्वादाचा, मनगटाशी तडा गेलेला. त्या दिवशी ओतलेला पहिला हात, रेकॉर्डर आत असलेला, तडकला होता! माल फुकट गेला म्हणून मालक ओरडतील, या भीतीने भाऊंनी तो लपवला आणि गुपचूप दुसरा ओतून बसवला. "तवाच बोललो असतो तर मालकानी सीझनमधनं काढला असता मना," म्हणाले. आणि मी यांच्यासाठी छिन्नी खाली ठेवली होती! असा राग आला. पण भाऊ रडायच्या बेतात. मी म्हटलं, आणा तो हातोडा.

हात फोडला. आतला रेकॉर्डर अखंड होता. घाईत बंद करायचाच राहिला होता, त्यामुळे बॅटरी संपलेली. कार्ड हर्षदकडे पाठवलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

हर्षदच्या दुकानात दोघींनी ऐकलं. राणीचं चौथ्या वेळचं, तसंच्या तसं. मग आमची पळापळ. दार. बराच वेळ काही नाही. प्लास्टर कालवल्याचा आवाज, आणि गुणाजीभाऊ कामाच्या तालात पुटपुटतात — मी डोले आखले, तवा देवाला दिसलं... पुढचं त्यांना आठवत नाही. परत तेच म्हणतात, परत अडकतात.

मग दुसरा आवाज, जवळून, हळू. हैबतरावकाका.

"माजी वाडी नदीकाठी, त्याला बी नाय दिसली."

हर्षदने माझ्याकडे बघितलं. राणी म्हणाली, "परत लाव."