'नाही' म्हणायचं बटण

४ मार्च
आज पुन्हा तीच चौकट! फोनवर यांचा निरोप उघडला की मध्ये येते — 'हा आवाज स्वच्छ करू या?' खाली दोनच बटणं, 'हो' आणि 'नंतर'. 'नाही' कुठेच नाही. रोज 'नंतर' दाबते, रोज परत येते. दारात ठाण मांडून बसलेल्या विक्रेत्यासारखी.

यांच्या आवाजातला हा एकच निरोप उरलाय. वर्कशॉपमधून पाठवलेला. मागे लेथ मशीनची घरघर, मध्येच खोकला, मग — 'उशीर होईल, तू जेवून घे.' हे गेल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर ऐकते. सूनबाई म्हणाली, 'हो' दाबलं तर लेथ आणि खोकला दोन्ही जाणार, कायमचे. दुसरीकडे उतरवूनही ठेवता येत नाही. सांगताना ओशाळली होती. ॲप तिच्याच कंपनीचं ना.

६ मार्च
सूनबाईची मीटिंग घरूनच होती. मी शेजारी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. तिचे साहेब समजावत होते, 'नाही' ठेवलं तर लोक 'नाही'च म्हणतील. ही म्हणाली, "माझ्या सासूबाईंना नाही म्हणायचंय, सर. त्यांनी ते कुठे म्हणायचं?"

आवाज चढवला नाही. माझाच ऊर भरून आला.

नंतर मी तिच्या होऊ घातलेल्या बढतीचं विचारलं, तर म्हणाली, ती आता विसरा आई. मुलगा चिडला तिच्यावर. मी त्यालाच झापलं.

११ मार्च
आज लिहायला मन नाही.

१९ मार्च
जिंकली पोरगी! लोकांच्या तक्रारी गोळा करून थेट मोठ्या साहेबांकडे गेली होती. आज तिसरं बटण आलं — 'नको. पुन्हा विचारू नका.' शब्दसुद्धा तिचेच. धावत आली — "आई, पहिल्यांदा तुम्ही दाबा." दाबलं. चौकट गेली. शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, त्याला कळलं नाही तरी पुन्हा सांगितलं. माझी सून!

२० मार्च
हे इथेच लिहिते. अकरा तारखेला निरोप ऐकायला बोट टेकवलं, नेमकी तेव्हाच चौकट उगवली. बोट 'हो'वर पडलं. लेथ गेली, खोकला गेला. यांच्या निरोपावर चौकट आता येतच नाही; काल नवं बटण दाबलं ते बहिणीच्या निरोपावर. सूनबाईच्या ते लक्षात आलं नाही. येऊही देणार नाही. आता सकाळी फोन कानाला घट्ट लावून ऐकते, तिला ऐकू जायला नको.